जुन्या गाडीच्या दाराचं रबर : आवाज कुठे अडतो, कुठे अडत नाही

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. आपल्या विदर्भातला भाग तर डिसेंबर २०२२ पासूनच चालू आहे. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाण्याच्या खेड्यापाड्यांतल्या ज्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, टवेरा वर्षानुवर्षं ताशी पन्नास-साठच्या वर गेल्या नाहीत, त्या आता कारंज्याला समृद्धीवर चढतात आणि नागपूरच्या दवाखान्यापर्यंत नव्वद-शंभरने जातात. गावच्या रस्त्यावर जिची तारीफ व्हायची त्याच गाडीत मग मागच्या सीटवरच्या आजीचं बोलणं पुढे ऐकू येईनासं होतं.

अशा वेळी कोणीतरी सांगतं, दारांना रबराची पट्टी मारून घ्या. पट्टी काही शे रुपयांत मिळते, चिकटवायला फार वेळ लागत नाही. लावून झाल्यावर एक जण म्हणतो गाडी नव्यासारखी झाली, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात गेले. दोघंही खरंच बोलत असतात. एकाच्या गाडीत आवाज फटीतून येत होता, दुसऱ्याच्या गाडीत टायर आणि इंजिनातून. हा फरक आधी ओळखायला हवा. कारण जिथे रोग फटीचा आहे, तिथे रबराइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

## आवाजाच्या दोन वाटा

एक वाट हवेची. बाहेरचा वारा, शेजारून जाणाऱ्या ट्रकचा आवाज, टायरची सळसळ हे हवेतून येतं आणि जिथे फट सापडेल तिथून आत शिरतं. दुसरी वाट लोखंडाची. इंजिनाची थरथर ते ज्यावर बसवलेलं असतं त्या माउंटिंगमधून चेसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जाते, चेसीतून बॉडीत. टायरचे हादरे सस्पेन्शनमधून फ्लोअरला पोचतात आणि फ्लोअरचा पत्राच वाजायला लागतो. दाराचं रबर फक्त हवेच्या वाटेवर उभं आहे. लोखंडाच्या वाटेने येणारी घरघर ते थांबवू शकत नाही, मग ते कितीही भारी असो.

तुमच्या गाडीत कोणती वाट चालू आहे हे घरच्या घरी कळतं. गाडी उभी ठेवून इंजिन रेस करा. रस्त्यावर त्रास देणारा आवाज तसाच आला, तर तो इंजिनाचा. चालत्या गाडीत वेग तोच ठेवून पाचव्याऐवजी चौथा गिअर टाका. आवाज बदलला तर पुन्हा इंजिनच. रस्ता बदलल्यावर आवाज बदलत असेल तर टायर. अमरावती-अकोला हा डांबरी महामार्ग आणि समृद्धीचं सिमेंट, दोन्हींवर एकाच वेगाने गाडी चालवून पाहिली की टायरच्या आवाजाचा वाटा लगेच लक्षात येतो. आणि जो आवाज वेग वाढला की वाढतो, आडवा वारा सुटला की बदलतो, ट्रक ओलांडताना एकदम उसळतो, सूं-सूं किंवा बारीक शिट्टीसारखा असतो, तो फटीतून येणारा वारा. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

## एवढ्याशा फटीने काय होतं?

डेसिबल हे आवाजाचं माप. हे माप बेरजेने चढत नाही, पटीने चढतं. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट, २० वाढले की शंभरपट, ४० वाढले की दहा हजारपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते.

आता समजा, दाराचा पत्रा, काच आणि आतलं लाइनिंग मिळून बाहेरचा आवाज ४० डेसिबलने अडवतात. म्हणजे दहा हजार भागांतला एकच भाग आत येतो. त्याच दाराच्या क्षेत्रफळापैकी फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर शंभरातला एक भाग त्या फटीतून सरळ आत येतो. ४० चा बंदोबस्त २० वर आला. बाकीचं नव्व्याण्णव टक्के दार कितीही जाड केलं तरी हा आकडा हलत नाही. हरभऱ्याच्या वावराला चहूबाजूंनी तारेचं कुंपण घातलं आणि एका कोपऱ्यात हातभर तार तुटलेली राहिली, तर रोही तिथूनच शिरतो. बाकीचं कुंपण दुहेरी करून हरभरा वाचत नाही.

एक टक्का ही फार मोठी फट वाटते, पण हिशेब करून बघा. दाराची कड चारही बाजूंनी धरली तर साधारण चार मीटर भरते. तिच्यावर सगळीकडे एक मिलिमीटर फट राहिली तरी ४० चौरस सेंटीमीटर जागा उघडी पडते, म्हणजे दाराच्या जवळपास अर्धा टक्का. डोळ्याला ती दिसतही नाही.

म्हणून दारात महागडी डॅम्पिंग शीट भरून घेण्याआधी रबर बघा, असं माझं ठाम मत आहे. शीट पत्र्याचं वाजणं कमी करते, ते तिचं काम चोख करते. पण फट उघडी ठेवून शीट लावणं हा उलटा क्रम झाला.

## साठला गप्प, शंभरला शिट्टी

गावात दार छान लागतं, कुठे उजेड दिसत नाही, तरी महामार्गावर शिट्टी वाजते. याची दोन कारणं आहेत आणि दुसरं फारसं कोणाला माहीत नसतं.

पहिलं असं, की वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या ढोबळमानाने सहाव्या घाताने वाढते. साठवरून शंभरवर गेलं की वेग पावणेदोन पटही होत नाही, पण वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा वीसपटीच्या वर जाते. डेसिबलमध्ये सुमारे १३. टायरचा आवाज इतक्या झपाट्याने वाढत नाही. त्यामुळे गावच्या वेगाला जो वारा टायरच्या आवाजाखाली झाकला जात होता, तो शंभरला सगळ्यांच्या वर येतो.

दुसरं कारण दाराच्या चौकटीचं. ताशी शंभरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४५ किलो वजनाइतका असतो. हा वारा पुढच्या काचेच्या खांबाला वळसा घालून बाजूच्या काचेवरून वेगाने सरकतो आणि तिथे हवेचा दाब कमी होतो. आतला दाब जास्त, बाहेरचा कमी. त्यामुळे काचेभोवतीची चौकट बाहेरच्या बाजूला ओढली जाते. दार खाली कब्जांनी आणि लॉकने धरलेलं असतं, वर त्याला धरायला काहीच नसतं. ती बारीक चौकट वरच्या मागच्या कोपऱ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर झुकते. नवं, लवचीक रबर फुगून तिच्यामागे जातं आणि फट पडू देत नाही. चपटं झालेलं रबर जागेवरच बसून राहतं.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. महामार्गावर शिट्टी वाजत असताना शेजारी बसलेल्याने, गाडी चालवणाऱ्याने नव्हे, काचेच्या वरची चौकट हाताने आत ओढून धरायची. आवाज बदलला किंवा थांबला, तर जागा सापडली.

## रबर बिघडतं कसं

दाराच्या रबराला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. एक पोकळ, मऊ, स्पंजासारखा फुगा, जो दार लागल्यावर दबतो. दुसरा कडक भाग, आत धातूच्या पट्ट्या असलेला, जो बॉडीच्या कडेला चिमट्यासारखा धरून राहतो. बहुतेक गाड्यांत हे ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. ऊन, पाऊस, हवा सोसायला ते चांगलं, पण पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांच्याशी त्याचं जमत नाही. त्यांनी ते फुगतं आणि ढिलं पडतं.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. डिझेलच्या फडक्याने रबर पुसून चमकवायची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. ती सोडा. साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, वर सिलिकॉन ग्रीसचा किंवा सिलिकॉन स्प्रेचा अगदी पातळ हात फिरवा. एवढ्यानेही कोरडं पडून करकरणारं रबर बऱ्यापैकी शांत होतं.

उष्णतेचा मार वेगळा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहूनही तापतो. रबर जुनं होण्याची क्रिया दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालते. त्यात दार बंद, म्हणजे फुगा सतत दाबलेला. दाबलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं तापलेलं रबर मूळ आकारात परत येत नाही. नखाने दाबून बघा. लगेच वर आलं तर जिवंत आहे, खड्डा तसाच राहिला तर गेलं.

चालकाचं दार सगळ्यात जास्त उघडलं जातं, म्हणून तिथलं रबर आधी जातं. मागच्या दारांचं खालचं रबर मात्र वेगळ्याच कारणाने फाटतं. खताची पोती आणि फवारणीचा पंप आत ओढताना ते उंबरठ्यावर घासतात. कधी रबर धड असतं, फक्त त्याचा चिमटा सैल होऊन ते बॉडीवरून सुटलेलं असतं. अशा वेळी फडकं गुंडाळून पकडीने चिमटा हलकेच आवळला की काम होतं, नवं घ्यायची गरज पडत नाही.

## फट शोधायची कशी

मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला इथे एक फायदा आहे, जो शहरातल्या गाडीला मिळत नाही. आठवडाभर गाडी धुऊ नका. मग दार उघडून दाराच्या आतल्या कडेला नीट बघा. जिथे रबर टेकतं तिथे एक स्वच्छ रेघ दिसेल, तिच्या बाहेर धूळ आणि आत स्वच्छ पत्रा. ही रेघ दाराभोवती सलग गेली पाहिजे. जिथे ती तुटते आणि काळ्या मातीचा फुफाटा पंख्यासारखा पसरून आतल्या बाजूला गेलेला दिसतो, तिथे फट आहे. धुळीने स्वतःच नकाशा काढून ठेवलेला असतो.

खात्री करायला कागदाची पट्टी घ्या, दारात धरा, दार लावा आणि ओढा. अडखळत, थोडा जोर लावून निघाली पाहिजे. सहज सुटली तर तिथे दाब नाही. वीतभर अंतराने सगळीकडे बघा.

त्याहून बारीक परीक्षा उदबत्तीची. गाडी वारा नसलेल्या जागी उभी करा, काचा लावा, ब्लोअर पूर्ण वेगाने आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या खुणेवर ठेवा. आत हवेचा दाब तयार होतो. बाहेरून पेटती उदबत्ती दाराच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असताना एका ठिकाणी झटक्यात बाहेर ढकलला गेला, की तीच जागा. खडूने खूण करून ठेवा.

आणि पैसे खर्च करण्याआधीची शेवटची परीक्षा चिकटपट्टीची. रंगकाम करणारे लावतात ती कागदी पट्टी आणा आणि संशय असलेल्या दाराच्या फटीवर बाहेरून लावा. महामार्गावर चक्कर मारा. आवाज पडला तर रबराने फायदा होणार. काहीच फरक पडला नाही, तर रबराचे पैसे वाचले, आणि दोष छताच्या लोखंडी कॅरिअरमध्ये, खिडकीवरच्या वायझरमध्ये, आरशात किंवा काच ज्या खाचेतून वरखाली होते तिच्या मऊ अस्तरात, म्हणजे फेल्टमध्ये, शोधायचा. फेल्ट झिजलेलं असेल तर काच हाताने हलवल्यावर खडखडते. रिकामं कॅरिअर काढून एकदा चालवून बघाच. कित्येकदा सगळी शिट्टी तिथलीच असते. कागदी पट्टी उन्हात फार वेळ ठेवू नका, गोंद रंगाला धरतो.

## आधी कब्जे, मग रबर

दार अर्धं उघडून त्याच्या टोकाला धरा आणि वर उचलून बघा. खालीवर हललं तर कब्जांच्या पिना झिजल्यात, दार झुकलंय. अशा दाराला नवं रबर लावलं तरी ते एका कोपऱ्यात चेंगरेल आणि दुसऱ्यात टेकणार नाही. कब्जे आधी.

कब्जे ठीक असतील तर बॉडीवरचा लॉकचा खुंटा बघा, ज्याला दाराचं लॉक धरतं. त्याचे स्क्रू सैल करून तो किंचित आत सरकवता येतो. पेनने आधी मूळ जागा आखून घ्या आणि एका वेळी मिलिमीटरभरच सरकवा. अर्धवट चपट्या झालेल्या रबराला यानेच पुन्हा दाब मिळतो, फुकटात. हे काम डेंटर मिस्त्रीकडे चहा होईपर्यंत होतं.

त्याने भागलं नाही, तर गाडीच्या कंपनीचं मूळ रबर मिळतं का पाहा. गेलेल्या रबराच्या जागी मूळ रबर हाच खरा उपाय. चिकटवायची पट्टी ही त्याला जोड आहे, बदली नाही.

## पट्टीची जाडी कणकेने मोजा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जाड पट्टी म्हणजे जास्त शांतता असं वाटतं. रबराचं काम जाडीने होत नाही, सलग टेकण्याने होतं. फार जाड पट्टी लावली की दार आपटावं लागतं, लॉक आणि कब्जांवर ताण येतो, आणि एका बाजूला पट्टीने दार रोखून धरलं की दुसऱ्या बाजूचं मूळ रबर टेकायचंच राहून जातं. आवाज उलट वाढतो.

मोजायचं असं. कणकेच्या छोट्या गोळ्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, जिथे पट्टी लावायची तिथे चार-पाच जागी ठेवा. दार नेहमीसारखं लावा, उघडा, आणि चपट्या झालेल्या गोळीची जाडी मोजपट्टीने मोजा. तेवढी तिथली फट. पोकळ पट्टी तिच्या मूळ उंचीच्या पाव ते एक तृतीयांश दबली की नीट काम करते. म्हणजे फट ६ मिलिमीटर असेल तर ८ ते ९ मिलिमीटर उंचीची पट्टी. फट सगळीकडे सारखी असेल तर ‘डी’ आकाराची चालते. कमी-जास्त असेल तर ओठासारखी पाती असलेली ‘झेड’ आकाराची बरी, ती थोड्या दाबातही टेकते.

लावताना पत्रा हाताला ना तापलेला लागला पाहिजे ना गारठलेला, म्हणजे उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि थंडीत दुपारी. ज्या जागी चिकटवायचं तिथे सिलिकॉनचा अंश असता कामा नये, नाहीतर गोंद धरत नाही. म्हणून आधी स्पिरिटने पुसून पट्टी लावा, सिलिकॉन नंतर आणि फक्त मूळ रबराला. कोपऱ्यात पट्टी ताणू नका. ताणलेली पट्टी आखडते आणि तिथूनच सुटते. जोड दाराच्या खालच्या कडेला घ्या. गोंदाला पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर गाडी धुऊ नका.

दाराच्या तळाशी पाणी जायची छोटी भोकं असतात. ती कधीही बुजवू नका. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या पोटातून तिथूनच बाहेर पडतं. ती बंद झाली की एका-दोन पावसाळ्यांत दार तळातून सडायला लागतं.

## गाडी किती शांत होईल?

खरं सांगायचं तर एकूण आकड्यात थोडीच. समजा, फटीतला वारा ७० डेसिबल आणि बाकी सगळं मिळून ७०. दोन्ही एकत्र येऊन होतात ७३. वारा पूर्ण बंद केला तरी उरतात ७०. म्हणजे अर्धा उगम संपला आणि फरक पडला ३ डेसिबलचा. कानाला आवाज निम्मा वाटायला १० लागतात. ‘आवाज अर्ध्यावर’ असं सांगून पट्टी विकणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

तरीही फायदा या आकड्यापेक्षा मोठा वाटतो, आणि तो भास नाही. फटीतली सूं-सूं उंच स्वराची असते, आणि ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांसारखी व्यंजनं ओळखायला कान त्याच उंच स्वरांवर अवलंबून असतो. सूं-सूं गेली की इंजिनाची घरघर तशीच असूनही मागच्या सीटवरचं बोलणं कळायला लागतं, आणि दोन-तीन तासांच्या प्रवासानंतर डोकं भणभणत नाही. दवाखान्यातून आजारी माणसाला घेऊन परत येताना याची किंमत कळते.

मोबाइलवर मोजायचं असेल तर खुशाल मोजा, पण तोच रस्ता, तोच वेग, तोच ब्लोअर आणि मोबाइल त्याच जागी ठेवून. त्याचा आकडा अचूक नसतो, आधी-नंतरचा फरक मात्र कामाचा असतो.

## मागचे हॉर्न ऐकू येतील ना?

येतील. हॉर्नचा आवाज वाऱ्याच्या मानाने खूप मोठा असतो, आणि आतली सूं-सूं कमी झाल्यावर तो उलट जास्त स्पष्ट कळतो.

## मागचं दार, धूळ आणि धूर

आपल्या चौकोनी गाड्यांच्या मागे चालताना हवेचा दाब कमी होतो. उडालेली धूळ तिथेच घुटमळते आणि मागच्या दाराच्या फटीतून आत येते. पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत शेताच्या रस्त्याने आलं की मागच्या सीटवर जो थर बसतो, तो बहुधा या दाराचा. बोलेरोसारख्या गाड्यांत मागच्याच दारावर स्टेपनी लटकते. ते वीसेक किलोचं वजन खड्ड्याखड्ड्यांतून कब्जांना खाली ओढत राहतं आणि लॉकच्या बाजूचं वरचं रबर टेकेनासं होतं. माझ्या मते जुन्या गाडीत पहिला रुपया याच दारावर लावावा. फ्लोअरची रबरी बुचं आणि इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींभोवतीची रबरं उंदरांनी खाल्लीत का, तेही त्याच वेळी बघावं.

सगळ्या फटी बंद केल्यावर आत कोंडायला होईल का, ही शंकाही बरोबर आहे. गाडीच्या मागच्या भागात हवा बाहेर जायला मुद्दाम झडपा ठेवलेल्या असतात, त्या बुजवल्या नाहीत म्हणजे झालं. सात-आठ माणसं बसवून ब्लोअर सतत आतलीच हवा फिरवण्याच्या खुणेवर ठेवला तर मात्र सुस्ती येते. धुळीचा पट्टा संपला की ती खूण बदलून बाहेरची हवा घ्या.

मागच्या दाराची फट आवाज आणि धुळीपुरतीच नाही. सायलेन्सरच्या जोडाला भेग असेल, मागचं रबर गेलेलं असेल आणि गाडी उभी ठेवून आत एसी चालू असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आत झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. म्हणून मागच्या दाराच्या रबरासाठी गाडी मिस्त्रीकडे नेली, की तिथेच गाडी वर घेऊन सायलेन्सर पुढपासून शेवटपर्यंत तपासून घ्या, आणि उभ्या गाडीत एसी लावून कोणाला झोपू देऊ नका.